पोकरची शिकवणी आणि रिकामा खिसा

मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावातील एका इमारतीवर छापा घातला. महादेव अ‍ॅपशी जोडलेला ऑनलाइन सट्टा तिथून चालवला जातो, असा पोलिसांचा आरोप होता. डझनावारी माणसे ताब्यात घेतली गेली. टोमॅटोच्या बाजारामुळे आणि तमाशाच्या राहुट्यांमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले जुन्नर तालुक्यातील हे गाव देशभरच्या बातम्यांत सट्ट्याच्या नावाने आले. सट्टा वाईट, हे सांगायला लेखाची गरज नाही. ते वस्तीतली कोणतीही म्हातारी सांगेल. आज लिहायचे आहे ते एका वेगळ्या डावाविषयी, ज्याला जुगार म्हटले की आपली शिकलेली मुले रागावतात. तो डाव म्हणजे पोकर.

जुन्नर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात पदवी घेऊन बसलेली, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर जाणारी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके उशाशी घेऊन झोपणारी मुले आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या मोबाइलवर पत्ते दिसले आणि आपण हटकले, तर उत्तर तयार असते. "काका, हा जुगार नाही. हे गणित आहे." आणि तो मोबाइल पुढे करून शिकवणीचा व्हिडिओ दाखवतो. पडद्याचे चार तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्यात एक टेबल. शिकवणारा एकाच वेळी चारही टेबलांवर खेळतो आणि खेळता खेळता बोलतो. हे पान का टाकले, इथे रक्कम का वाढवली, हा समोरचा घाबरून खेळतो आहे की फसवतो आहे. मध्येच खेळ थांबवून कोष्टक दाखवतो. मुले वही घेऊन बसतात. टिपणे काढतात. हे टिंगलीवारी नेण्यासारखे नाही. ज्या मुलांना शाळेत संभाव्यतेचा धडा "पाठ करा, दोन मार्कांचा आहे" म्हणून शिकवला गेला, ती रात्री जागून तोच धडा समजून घेत असतात.

काय शिकवतात ते एकदा नीट पाहू. समजा, टेबलावर मध्ये दोनशे रुपये जमले आहेत आणि समोरच्याने आणखी शंभर लावले. आपल्याला डावात राहायचे तर शंभर घालावे लागतील. म्हणजे चारशेच्या ढिगात आपले शंभर. हा सौदा परवडायचा असेल, तर जिंकण्याची शक्यता किमान पंचवीस टक्के हवी. आपल्याकडे बदामाची चार पाने झाली आहेत, पाचवे आले तर कलर होईल, आणि आता एकच पान उघडायचे राहिले आहे. बदामाची एकूण पाने तेरा, चार दिसली, उरली नऊ. आपल्याला न दिसलेली एकूण पाने सेहेचाळीस. नऊ भागिले सेहेचाळीस म्हणजे साधारण साडेएकोणीस टक्के. हवे होते पंचवीस. पाने टाका आणि गप्प बसा. जो खेळाडू "आज बदाम येणारच" म्हणून शंभर लावतो, तो या हिशेबाने मरतो.

हे खोटे नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २०१५ मध्ये पोकरच्या सिद्धांतावर अभ्यासक्रम घेतला आणि त्याची व्याख्याने सर्वांना मोफत खुली केली. २०१७ च्या जानेवारीत लिब्रेटस नावाच्या संगणकीय कार्यक्रमाने चार नामवंत खेळाडूंना वीस दिवस खेळून हरवले. नुसत्या नशिबाचा खेळ असता, तर यंत्राला असे हरवता आले नसते. तेव्हा पोरांना "सगळे नशीब आहे रे" असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मुद्दा पहिल्याच फेरीत बाद होतो. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मान्यच करून पुढे जाऊ.

न्यायालयांतही हाच वाद वर्षानुवर्षे चालला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले, तीन पत्तीला मात्र नशिबाचा. त्या एका निकालाच्या खांद्यावर पुढे सगळा ऑनलाइन पत्त्यांचा धंदा उभा राहिला. पोकरबद्दल गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार म्हटले, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तामिळनाडूच्या बंदीतून रमी आणि पोकर वगळले. वकिलांनी पैसे कमावले. महाराष्ट्राने काय केले? १८८७ सालचा, घोडागाडीच्या काळातला जुगार प्रतिबंधक कायदा कपाटात ठेवला आणि वस्तीतल्या पिंपळाखाली तीन पत्ती खेळणाऱ्या मजुरांना त्याखाली पकडण्याचे काम चालू ठेवले. शेजारी गोव्यात मांडवी नदीवर परवाना घेऊन तरंगणाऱ्या कॅसिनोंत तेच पत्ते पाहुणचार म्हणून वाटले जातात.

पण माझा मुद्दा न्यायालयाचा नाही. कौशल्य आहे, हे मान्य केल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. कौशल्य असलेल्या खेळात कौशल्य दिसायला किती वेळ लागतो? आणि तेवढा वेळ कोणाला परवडतो?

दोन एक्के हाती येणे ही या खेळातली सर्वात मोठी गोष्ट. ती साधारण २२१ डावांत एकदा घडते. समोर दोन राजे आले आणि सगळे पैसे मध्ये गेले, तरी पाचातला जवळजवळ एक डाव एक्केवाला हरतो. त्याने चूक केलेली नसते. म्हणून शिकवणारे सर सांगतात की एका रात्रीचा निकाल बघू नका, हजारो डावांचा बघा. चांगला खेळाडूसुद्धा दहा-दहा हजार डाव तोट्यात राहू शकतो. चार टेबले एकदम खेळण्याचे कारणही हेच. एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, चार टेबलांवर अडीचशेपर्यंत जातात, लांब पल्ला लवकर गाठता येतो. तोपर्यंत टिकून राहायला गाठीला किती हवे, तेही तेच सर सांगतात. टेबलावर जेवढे घेऊन बसायचे त्याच्या किमान वीस-तीस पट. स्पर्धा खेळायच्या असतील तर प्रवेश फीच्या शंभर पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे हजार रुपयांच्या टेबलासाठी तीस हजार. पाचशे रुपयांच्या स्पर्धेसाठी पन्नास हजार. आणि हे पैसे असे हवेत, की ते सगळे गेले तरी घरात चूल पेटेल, खोलीचे भाडे जाईल, बहिणीची फी भरली जाईल.

आता सांगा, आपल्या कोणत्या वस्तीत असे पन्नास हजार रिकामे पडले आहेत?

व्हिडिओ हिशेब शिकवतो, तो अगदी फुकट शिकवतो. गाठीचे पैसे मात्र ज्याने त्याने आणायचे असतात. तीस हजार गाठीशी असलेला आणि तीन हजार गाठीशी असलेला, दोघांनी तेच व्हिडिओ पाहिले, तीच वही भरली, तेवढीच हुशारी दाखवली, तरी तीन हजारवाला आधी संपतो. त्याच्या वाट्याला आलेली चार वाईट पाने त्याला टेबलावरून उठवतात. दुसरा त्याच चार पानांनंतर चहा पिऊन पुन्हा बसतो. वर्षाअखेरीस पहिल्याला म्हणतात, याच्यात कौशल्य नव्हते.

हे वाक्य आपण कुठेतरी ऐकले आहे ना? कौशल्याच्या जागी गुणवत्ता हा शब्द घाला. मंडल आयोगाच्या वेळी ऐकले, वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी ऐकले, प्राध्यापकांच्या भरतीत आजही ऐकतो. नियम सगळ्यांना सारखे, पेपर सगळ्यांना सारखा, मग तक्रार कशाची? तीन पिढ्यांची शिल्लक पाठीशी घेऊन बसलेला आणि पहिल्या पिढीचा पदवीधर यांना एका टेबलावर बसवायचे आणि निकालाला गुणवत्ता म्हणायचे. या युक्तिवादाचे पोस्टमार्टम आपल्या चळवळीने शंभर वेळा केले आहे. पण तोच युक्तिवाद मोबाइलवरून, रंगीत कोष्टकांसह, इंग्रजी शब्दांत आला, तेव्हा आपल्याच पोरांनी तो वहीत उतरवून घेतला.

यात आणखी एक गोम आहे. पोकरच्या धंद्यातले अनेक पट्टीचे खेळाडू स्वतःच्या पैशाने खेळतच नाहीत. मागे एक पैसेवाला असतो. तो पैसे लावतो, नफ्यात वाटा घेतो. खेळाडू हरला, तर ती तूट त्याच्या नावावर चढते, आणि पुढे जिंकलेल्यातून आधी ती फिटते, मग वाटणी. नारायणगावच्या राहुटीत बसलेल्या तमाशा कलावंताला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याला उचल म्हणतात. ऊसतोड्याला माहीत आहे, वीटभट्टीवाल्याला माहीत आहे. उचल घेतली की हंगाम आपला राहत नाही. तेव्हा ज्या सरांचा खेळ पाहून आपला मुलगा भारावतो, त्या सरांचा स्वतःच्या खिशावर किती भरवसा आहे, हे त्याने एकदा विचारावे. सरांची कमाई टेबलावरून किती, शिकवणीच्या फीतून किती आणि नवे खेळाडू आणून दिल्याबद्दल कंपनीकडून किती, हेही विचारावे.

कंपनी तर कधीच हरत नाही. ती पत्ते खेळत नाही. प्रत्येक ढिगातून आपला कट घेते, त्याला रेक म्हणतात. साधारण पाच टक्क्यांच्या आसपास, वरची मर्यादा ठरलेली. चार टेबले खेळलात तर कटही चार ठिकाणी. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला, त्याआधी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापणे सुरू झाले होते. म्हणजे टेबलावर बसलेल्यांत आपला मुलगा, त्याच्यापेक्षा हुशार चार जण, कंपनी आणि सरकार. शंभर रुपये या सगळ्यांतून फिरून परत येताना किती उरतील, याचा हिशेब व्हिडिओत शिकलेल्या गणितानेच करता येतो. तो मात्र फारसा कोणी करून दाखवत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला चढउतार नवे नाहीत. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला. काही शेतकऱ्यांच्या हाती एका हंगामात कोटीचा पैसा आला, त्यांचे फोटो छापून आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात टोमॅटो रस्त्यावर ओतल्याचेही फोटो छापून आले. ज्याच्याकडे बारा एकर बागायत आणि विहिरीला पाणी, तो चार पडते हंगाम सोसून पाचव्यात सोने करतो. ज्याने एक एकर खंडाने घेतली, त्याचा पहिलाच पडता हंगाम त्याला खुडणीच्या मजुरीवर पाठवतो. दोघांना टोमॅटो तितकाच चांगला पिकवता येत असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांतील एका उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटीचे बक्षीस लागले. तो निलंबित झाला, पण गावोगाव चर्चा निलंबनाची नव्हे, दीड कोटीची झाली. हरलेल्याचा फोटो कोण छापतो?

राज्यकर्त्यांचे काय सांगावे! जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत बाहेर आली. त्यांनी आरोप नाकारला. महिनाअखेर त्यांच्याकडून कृषी खाते काढून क्रीडा खाते देण्यात आले. यावर टिप्पणी करण्याची गरज नाही.

ज्या संस्कृतीत राज्य, भाऊ आणि पत्नी डावावर लावणाऱ्याला धर्मराज म्हणतात, तिथे जुगाराबद्दल दुटप्पीपणा असणारच. तथागतांनी मात्र सिगालाला उपदेश करताना जुगाराचे सहा तोटे स्वच्छ मोजून दाखवले. जिंकला तर वैर पदरी येते. हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो. जवळचे धन डोळ्यांदेखत जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. यात पापपुण्याची भीती नाही, नरक नाही. सगळा व्यवहार आहे, आणि पहिला तोटा तर जिंकणाऱ्याचा सांगितला आहे. पोकरच्या टेबलावर जिंकलेला पैसा आकाशातून पडत नाही. तो आपल्यापेक्षा कच्च्या कोणाचा तरी असतो. कच्चा गडी कोणत्या टेबलावर बसला आहे ते शोधा, असे शिकवणीतच सांगतात. बहुतेक वेळा तो कच्चा गडी आपल्यासारख्याच कुठल्यातरी वस्तीतला, नुकताच मोबाइल हाती आलेला असतो.

जुन्नरच्या डोंगरांनी पैशाचे हिशेब दोन हजार वर्षांपूर्वीच कोरून ठेवले आहेत. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात आकडे आहेत, भारतातल्या सर्वात जुन्या अंकांपैकी. ते आकडे यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांच्या दक्षिणेचे. त्याच तालुक्यातल्या बौद्ध लेण्यांच्या शिलालेखांत वेगळे आकडे आहेत. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली, तिच्या व्याजातून संघाचा खर्च चालावा, अशा नोंदी. कष्टकऱ्यांच्या श्रेणीवर लोकांचा एवढा विश्वास होता, की ठेव त्यांच्याकडे ठेवत. एकट्या बुरुडाला लांब पल्ला परवडत नव्हता, श्रेणीला परवडत होता. हे लेख वाचायला आपली मुले लेण्याद्रीच्या पायऱ्या किती वेळा चढतात?

आता कायद्याचे. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत जुगार आणि पैज हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवण्यावरून काही सदस्य चिडले होते. असा विषय संविधानात असणे म्हणजे जुगाराला मान्यता देणे, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते वकिली आणि व्यवहारी. नोंद ठेवली तर राज्याला परवानगी देता येईल, तशी बंदीही घालता येईल. नोंदच काढून टाकली, तर राज्ये हतबल होतील. बंदी घालण्याचे हत्यार त्यांनी राज्यांच्या हाती दिले. महाराष्ट्र सरकारने ऑनलाइन पत्त्यांच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे म्यानातून काढले नाही. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा भेदच या कायद्याने मोडीत काढला. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही तरतूद योग्यच आहे. पोकरबाजीसारख्या देशी कंपन्यांनी पैशांची टेबले बंद केली. कंपन्या न्यायालयात गेल्या, याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या.

पण शिकवणीचे व्हिडिओ जिथल्या तिथे आहेत. सहा महिने वही भरलेल्या मुलाला आता टेबल हवे आहे. देशी टेबल बंद, म्हणून तो परदेशी संकेतस्थळावर जातो, कोणाच्या तरी टेलिग्राम गटातून, कोणाच्या तरी खात्यावर पैसे टाकून. तिथे पैसे अडकले, तर तक्रार कोणाकडे करणार? पोलीस ठाण्यात काय सांगणार? ज्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होते, स्वाधार योजनेचे पैसे जमा होतात, त्याच खात्याला मोबाइलचे पैसे पाठवणारे अ‍ॅप जोडलेले आहे. शिष्यवृत्ती आठ-आठ महिने रखडते आणि मग एकदम येते. एकदम आलेली रक्कम पाहून त्या रात्री हा मुलगा काय करील, याची चिंता पालकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी केली पाहिजे. त्याआधी शिष्यवृत्ती वेळेवर द्या, ही मागणी समाज कल्याण खात्याकडे लावून धरली पाहिजे.

मुलांना रागावून काही होणार नाही. त्यांनी जे गणित शिकले आहे, ते आपल्या समाजात फार थोड्यांना येते. संभाव्यता आणि अपेक्षित मूल्य समजलेल्या मुलाला पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचा रस्ता दाखवा. विम्याचे गणित करणाऱ्या अ‍ॅक्च्युअरीची प्रवेश परीक्षा असते, केंद्र सरकारची भारतीय सांख्यिकी सेवा असते, हे मंचरच्या किती अभ्यासिकांत माहीत आहे? तिथल्या भिंतीवर फक्त पोलीस भरती आणि तलाठ्याच्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात.

आणि लगेच करण्यासारखे एक काम आहे. आपल्या वस्त्यांतल्या बाया गटाने कर्ज घेतात. वसुलीवाला सांगतो, व्याज बारा टक्के. दहा हजार घेतले, वर्षाने अकरा हजार दोनशे, बारा सारखे हप्ते, महिना नऊशे चौतीस. बाईला वाटते, बाराच टक्के. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागत राहते. पोकरची वही भरलेल्या पोराला हा हिशेब अर्ध्या तासात जमेल. रविवारी विहारात फळ्यावर त्याने तो मांडावा आणि कर्ज घेतलेल्या बायांनी समोर बसून ऐकावा. खरे व्याज साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघते.